मुलांना आगीबद्दल शिकवताना या चुका टाळा

गृहनिर्माण सोसायट्यांमधून मुलांना आगीपासून बचाव कसा करावा हे शिकवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि तिथे मुलांपेक्षा पालकांच्याच चुका जास्त दिसतात. त्यांतली सर्वांत घातक चूक म्हणजे नुसता धाक. ‘काडेपेटीला हात लावलास तर बघ’ एवढे बजावले की शिकवण संपली, असे बहुतेकांना वाटते. धाकामुळे मूल काडेपेटीपासून दूर राहतेच असे नाही. मात्र काही पेटले की ते मोठ्यांपासून दूर पळते आणि पलंगाखाली, कपाटात किंवा न्हाणीघरात लपते. अग्निशमन दलाचे जवान धुराने भरलेल्या घरात मुलांना शोधताना अशा जागा चाचपतात, ते यामुळेच.

एका दिवाळीत ओळखीच्या घरी सहा वर्षांच्या मुलाने पणतीवर फुलबाजी पेटवली आणि ठिणगीने पडदा पेटला. मुलगा ओरडला नाही, मुकाट्याने पलंगाखाली शिरला. घरातली माणसे जिना उतरून खाली आली तेव्हा तो बरोबर नसल्याचे लक्षात आले. वडील दारातून हाका मारत होते, तरी तो ओ देईना, कारण हाक वडिलांची होती आणि त्याला मार चुकवायचा होता. आग पडद्यापुरतीच राहिली आणि शेजाऱ्यांनी ती बादल्यांनी विझवली, म्हणून तो सापडला. तेव्हापासून मी आईवडिलांना मुलांच्या देखत कबूल करायला लावतो, की ‘तुझ्या हातून काही पेटले, तरी ओरड, बाहेर पळ आणि आम्हाला सांग, त्या दिवशी कोणीही रागावणार नाही.’ यावर ‘अशाने मुले शेफारतात’ म्हणणारा एखादा गृहस्थ असतोच. त्याच्याशी वाद न घालता मी त्याला ही हकीकत ऐकवतो.

दुसरी चूक पाठांतराची आहे. १०१ हा क्रमांक मुले घडाघडा म्हणतात, पण ‘कुठे राहतोस?’ असे विचारले की ‘आमच्या घरी’ असे उत्तर येते. इमारतीचे नाव, मजला आणि जवळची ठळक खूण मोठ्याने सांगण्याचा सराव करून घ्यावा. कुलूपबंद मोबाइलवरूनही ११२ हा आपत्कालीन क्रमांक लावता येतो, हेही दाखवावे. फोन मात्र घराबाहेर पडल्यावरच करायचा.

गॅसचा वास आल्यावर मुलांना सिलिंडर बंद करायला पाठवू नये. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि दिव्याचे बटण चालू करताना जशी ठिणगी उडते तशीच ती बंद करतानाही उडू शकते. म्हणून मुलांना एकच सांगावे: कोणत्याही बटणाला हात न लावता बाहेर या आणि मोठ्यांना सांगा. गळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक मोठ्यांनी लावावा.

भाजल्यावर टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे भाग धरावा. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये. आग लागली असताना लिफ्ट वापरू नये. विझलेल्या फुलबाजीची तार पाण्याच्या बादलीतच टाकावी.

दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवून मोकळे होणाऱ्या उतावळ्या पालकांविषयी मला फारशी आस्था नाही. धुरात खाली वाकून, भिंतीला हात लावत दारापर्यंत जाणे अंगवळणीच पडावे लागते. मी रात्री दिवे मालवून हा सराव करून घेतो, आणि मुलाचा हात सुरक्षा दाराच्या कडीपर्यंत पोहोचतो का, खिडकीच्या ग्रिलच्या कुलपाची किल्ली त्याला ठाऊक आहे का, हे त्याच वेळी पाहतो. बाहेर आल्यावर सर्वांनी जमण्याची जागाही तेव्हाच ठरवावी. ती फाटकाच्या तोंडाशी नको, कारण बंब तिथूनच आत येतो.