जुने साहस, नवे नियम: आधी चिलखताचा आकडा जुळवा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका वठवत खेळायच्या खेळाच्या १९८१च्या बेसिक आणि एक्स्पर्ट संचांसाठी लिहिलेले साहस (खेळवण्यासाठी तयार कथानक) ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स किंवा बेसिक फँटसी यांसारख्या पुनर्रचित नियमांनी खेळवायचे असेल, तर सर्वप्रथम आर्मर क्लास, म्हणजे पात्राला किंवा राक्षसाला वार लागणे किती अवघड आहे हे सांगणारा आकडा, तपासावा. जुन्या पद्धतीत हा आकडा जितका लहान तितका बचाव भक्कम असतो: चिलखत नसलेल्याचा ९, तर प्लेट मेल आणि ढाल असलेल्याचा २. ओल्ड-स्कूल एसेन्शियल्समध्ये उतरती (लहान आकडा भक्कम) आणि चढती (मोठा आकडा भक्कम) अशा दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारीशेजारी छापलेले असल्यामुळे फारशी अडचण येत नाही. चढता आकडा हवा असल्यास जुना आकडा १९मधून वजा करावा, म्हणजे २चे १७ होतात. बेसिक फँटसीत मात्र चिलखत नसलेले पात्र ११पासून सुरू होत असल्याने वजाबाकी २०मधून करावी लागते, आणि हा एकाचा फरक नजरेतून सुटला, तर वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक राक्षसाला वार लागण्याची शक्यता उगाचच पाच टक्क्यांनी वाढते. ही आकडेमोड खेळ रंगात आल्यावर करत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी साहसाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावी.