शफल करून बघितलंस का?

एम.एस्सी.ला माझं मायक्रोबायॉलॉजी होतं. पीएच.डी.ला लागलो तेव्हा आरएनए म्हणजे डीएनएचा सांगकाम्या, एवढीच समज. पहिल्याच आठवड्यात 'व्हिएन्ना आरएनए' हे पॅकेज मशीनवर टाकलं. आरएनएची साखळी स्वतःवरच दुमडून कशी घडी घालेल (म्हणजे फोल्ड होईल), याचा अंदाज ते बांधतं. सिक्वेन्स, म्हणजे ए, सी, जी, यू या अक्षरांची ओळ दिली, एंटर दाबलं, की क्षणात कंस (जोडी जुळलेली अक्षरं) आणि टिंबांची (मोकळी अक्षरं) ओळ आणि शेजारी उणे चिन्हातली ऊर्जा; ती जितकी खाली, तितकी घडी पक्की. मनात म्हटलं, यात संशोधन करायला उरलंय काय?

पुढचे तीन महिने एका जिवाणूच्या जीनोमचे तुकडे पाडून ते फोल्ड करत बसलो. ऊर्जा जिथं खूप खाली, तिथं खूण करायची. वीसेक 'नवे आरएनए' हाती लागले, तसा स्लाइड्स घेऊन माझ्या गाइड मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिलीच स्लाइड बघून विचारलं, "शफल करून बघितलंस का?"

नव्हतं बघितलं. त्या रात्री प्रत्येक तुकड्याची अक्षरं पत्त्यांसारखी पिसली आणि पुन्हा फोल्ड केली. पिसलेले तुकडेही तितक्याच झोकात घड्या घालत होते! जी आणि सी भरपूर असले की कुठल्याही तुकड्याची ऊर्जा खाली जाते. आरएनएला घडी घालायची सवयच असते, त्यात जीवशास्त्र असेलच असं नाही. (पिसायचीही रीत आहे. ऊर्जा एकावर एक रचलेल्या शेजारच्या जोड्यांवर ठरते, म्हणून कोणत्या अक्षराशेजारी कोणतं किती वेळा येतं ते प्रमाण राखून पिसावं लागतं. मी पहिल्यांदा तेही चुकवलं.)

म्हणून या विषयात नव्यानं येणाऱ्याला माझं सांगणं असतं, की आधी महिनाभर सॉफ्टवेअर बंद ठेव. मी कालनिर्णयच्या जुन्या पानाची पट्टी कापून तिच्यावर बारा अक्षरं लिहिली होती: जी जी जी सी ए ए ए ए जी सी सी सी. जीची जोडी सीशी जुळते, एची यूशी. दोन्ही टोकं जवळ आणली की पहिला जी शेवटच्या सीसमोर येतो, दुसरा त्याच्या अलीकडच्या सीसमोर. चार जोड्या जुळल्या, मध्ये चार एंचा लूप उरला. झालं हेअरपिन. कंसात लिहिलं तर ((((....)))). मग त्याच बारा अक्षरांसाठी, जास्तीत जास्त जोड्या कशा जुळतील हे काढणारा नुसिनोव्हचा 1978चा तक्ता वहीत हातानं भरला. छोट्या तुकड्यांची उत्तरं जोडत मोठ्या तुकड्याचं उत्तर काढायचं, एवढीच युक्ती. पुढे झुकर आणि स्टीगलर यांनी 1981मध्ये जोड्या मोजण्याऐवजी ऊर्जा मोजली. 1990मध्ये मॅकास्किलनं सगळ्या शक्य घड्यांची एकत्र बेरीज करायची वाट दाखवली, आणि रोजच्या कामाला मला तीच सर्वांत उपयोगी वाटते. रेणू एकाच घडीत गोठून बसत नाही. प्रोग्रॅमनं दिलेली 'सर्वांत चांगली' घडी आणि दुसऱ्या क्रमांकाची घडी यांच्यात कधीकधी नावापुरताच फरक असतो.

पण खरं आणि पिसलेलं ओळखायचं कसं? इथं उत्क्रांती कामाला येते. तोच आरएनए दहा जातींतून गोळा करा आणि ओळी एकाखाली एक लावा (हेच अलाइनमेंट). एका जातीत ज्या जागी जी-सी, तिथं दुसरीत ए-यू दिसतं. दोन्ही अक्षरं बदलली, पण जोडी टिकली. आधी मला प्रश्न पडायचा, दोन्ही एकदम कशी बदलतील? एकदम बदलायची गरजच नाही. आधी सीचा यू होतो. जी-यू ही जोडी कमकुवत असली तरी चालते. मग जीचा ए होतो. मधल्या पायरीवर घडी मोडत नाही. पीटर शुस्टर, फोंटाना, श्टाडलर आणि होफॅकर यांनी 1994मध्ये हेच मोठ्या पटावर दाखवलं: एकाच घडीचे असंख्य सिक्वेन्स असतात, आणि एकेक अक्षर बदलत त्यांच्यातून दूरवर भटकता येतं. 76 अक्षरांच्या टीआरएनएएवढ्या (प्रोटीन बनताना अमिनो आम्लं आणून देणारा छोटा आरएनए) लांबीचे शक्य सिक्वेन्सच एकावर पंचेचाळीस शून्यांहून जास्त होतात, तेव्हा भटकायला जागा भरपूर.

प्रोटीनचं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलणारे खूप आहेत. प्रोटीनच्या रचनांवरच्या कामाला मिळालेल्या 2024च्या रसायनशास्त्राच्या नोबेलनंतर "आता फोल्डिंग संपलं ना?" हे लग्नातही ऐकावं लागतं. प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्रॅम अल्फाफोल्ड 2 सुद्धा एकत्र बदलणाऱ्या अमिनो आम्लांच्या खुणा अलाइनमेंटमधूनच उचलतं. आरएनएच्या प्रयोगानं ठरवलेल्या रचना प्रोटीनच्या मानानं फारच थोड्या आहेत. त्यामुळे तिथं कामाला तोटा नाही.

तयारी काय करायची? पायथन आणि लिनक्स तर हवंच. त्याहून आधी सांख्यिकीय भौतिकीची दोन-तीन प्रकरणं नीट वाचा. बोल्ट्झमन (कमी ऊर्जेची स्थिती जास्त संभवते, हा त्याचा नियम) समजला नाही तर मॅकास्किल पाठ करावा लागतो, आणि पाठ केलेला चौथ्या दिवशी विसरतो. जीवशास्त्रवाल्यांना गणिताची भीती वाटते, पण मला जास्त त्रास दिला तो फाइल नीट न वाचण्यानं.

कारण माझ्या त्या वीसेकांतले पिसून आणि अलाइनमेंट बघून शेवटी दोन उरले. त्यातला एक चक्क टीआरएनए निघाला. जीनोमच्या फाइलमध्ये त्याचं नाव आधीपासून लिहिलेलं होतं, मी ती ओळ वाचलीच नव्हती. दुसऱ्यावर सध्या चौथं वर्ष चालू आहे.