कोविडमध्ये गेलेल्या माणसांचा पैशातला हिशोब कसा मांडायचा

माणसाचा जीव पैशात मोजायचा म्हटलं की पोटात गोळाच येतो, पण हा हिशोब केलाच नाही तर बजेटमध्ये ऑक्सिजन प्लांटचा खर्च तेवढा दिसतो आणि त्याने वाचणारी माणसं कुठेच दिसत नाहीत, म्हणून शिकून घ्या.

आधी मृत्यूंचा आकडा पक्का करा, खरा घोळ इथेच आहे. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत भारतात सरकारी कोविड मृत्यू 4.8 लाखांच्या आसपास, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 47 लाख आणि तो सरकारला मान्य नाही. हा अंदाज जादा मृत्यूंचा, म्हणजे एरवी जेवढी माणसं गेली असती त्याच्यावर किती गेली, त्यात बेड न मिळाल्यामुळे हार्ट अटॅकने गेलेलेही आले. मी दोन्ही आकड्यांवर हिशोब करून शेजारी शेजारी ठेवतो.

मग एका जिवाचं बघा. सोपी पद्धत बुडालेल्या कमाईची, अपघाताच्या क्लेमला कोर्टात लावतात तीच. समजा 38 वर्षांचा रिक्षावाला, महिना 15,000, घरी बायको, दोन पोरं, आई. वर्षाचे 1,80,000, पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के वर, झाले 2,52,000, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 1,89,000, गुणिले 15 (वयाप्रमाणे मल्टिप्लायरचा तक्ता सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सरला वर्मा केसमध्ये दिलाय). आले 28,35,000. कोविड मृत्यूची सानुग्रह मदत होती 50,000.

आता हेच त्याच्या बायकोला लावा, पगार नाही म्हणून चक्क शून्य! पहाटे उठून सगळ्यांचे डबे करणारी, सासूच्या गोळ्या सांभाळणारी बाई शून्य कशी? तेवढ्या कामाला माणसं ठेवली तर महिन्याला काय पडेल ते धरा, हे अजिबात सोडू नका.

दुसरी पद्धत जोखमीची. दहा हजारात एक मरायचा धोका टाळायला प्रत्येकजण 1,000 रुपये द्यायला तयार असेल, तर दहा हजार जणांचे मिळून एका जिवामागे 1 कोटी. अमेरिकेत कटलर आणि समर्स या अर्थतज्ज्ञांनी 2020 मध्ये एका जिवाचे 70 लाख डॉलर धरून 6.25 लाख मृत्यूंचे साधारण 4.4 लाख कोटी डॉलर काढले. ते 70 लाख डॉलर नुसते रुपयांत करून इथे चिकटवू नका, आपल्या उत्पन्नाच्या मानाने कमी करा, पण देशात मात्र एकच आकडा ठेवा, मुंबईला वेगळा आणि गडचिरोलीला वेगळा नको.