लघवीत अल्ब्युमिन निघालं, आता काय?

मधुमेहात किडनी बिघडू लागली तरी दुखत नाही आणि पायांवर सूज येते तीही फार उशिरा. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, ‘नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. साध्या लघवी तपासणीत थोडं अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन, किडनीची गाळणी बिघडली की लघवीत झिरपतं) सापडत नाही, म्हणून लॅबमध्ये ‘एसीआर’ (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) असं नाव घेऊनच सांगा. टाइप २ असेल तर निदान होताच, टाइप १ असेल तर पाच वर्षांनी, आणि पुढे दरवर्षी. सोबत ईजीएफआरही करा, म्हणजे किडनी किती गाळते याचा रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप, लघवीचा संसर्ग, मासिक पाळी किंवा आदल्या दिवशीचा दमवणारा व्यायाम यांनी आकडा फुगतो. तेव्हा तपासणी पुढे ढकला. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक. ३० ते ३०० आला तर लगेच शिक्का मारायचा नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन नमुने वाढलेले हवेत.

मग डॉक्टर बहुधा टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल देतात. गोळी बीपीची खरी, पण ती किडनीच्या गाळणीतला दाबही उतरवते. दोन ते चार आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं. तेवढ्यावरून परस्पर गोळी बंद करणं ही सर्रास होणारी चूक. कोरडा खोकला लागला तर गोळी बदलून मिळते. गरोदरपणात मात्र दोन्ही चालत नाहीत. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळीही किडनी जपते. त्यावर असताना जननेंद्रियाला खाज सुटली तर लाजू नका, ते बुरशीचं असतं, लवकर बरं होतं.

बीपी १३०/८० च्या खाली हवं. त्यासाठी मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. किलोचा पुडा महिन्यातच संपत असेल तर हिशोब तिथेच चुकला. लोणचं, पापड, सुकट तर अजून धरलंच नाही. सैंधव हेही मीठच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, टेल्मिसार्टनवर असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गुडघेदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणू नका, पॅरासिटामॉल बरी. आणि जुलाब-उलट्या लागल्या, अन्नपाणी टिकेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा: टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन (मधुमेहाची नेहमीची गोळी), डापाग्लिफ्लोझिन तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. पुन्हा कधी सुरू करायच्या तेही त्याच फोनवर विचारून घ्या.