नागपूरची महागाई आठवड्याच्या आठवड्याला कशी मोजायची

केंद्र सरकारचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी जो ग्राहक किंमत निर्देशांक काढतो, त्याच्या ८८ केंद्रांत नागपूर आहे. आधारवर्ष २०१६, म्हणजे त्या वर्षीची पातळी १०० धरलेली. पण तो महिन्याचा आकडा, आणि महिना सरल्यावर हाती येणारा. भाव हलताना पाहायचे असतील तर किराणा ॲप, कळमना मार्केटचे (नागपूरच्या ठोक बाजाराचे) भाव आणि दुकानातली छापील बिलं कामाला लावता येतात. तिन्ही एकत्र मात्र कालवू नका.

आधी यादी करा. ३० वस्तू पुरेत, पण वर्णन बारीक हवं. नुसतं ‘तूरडाळ’ लिहून भागत नाही. ब्रँड, प्रत, पाकिटाचं वजन सगळं लिहा. ॲपवर एकच पिनकोड धरा. ४४०००१ धरला तर शेवटपर्यंत तोच, कारण पिनकोड बदलला की माल दुसऱ्या गोदामातून येतो आणि भावही बदलू शकतो. वार-वेळ ठरवा, उदाहरणार्थ मंगळवारी सकाळी १०. लॉगिन न करता बघा, नाहीतर सदस्यांची सवलत मधे येते. तारीख, वजन, एमआरपी, विक्री किंमत आणि माल होता की नाही, हे दर आठवड्याला त्याच रकान्यांत भरा. भाव आपोआप टिपणारी स्क्रिप्ट लावणार असाल तर आधी संकेतस्थळाच्या अटी वाचा.

नावांपाशी हमखास घोळ होतो. आपल्याकडे विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ॲपवर तोच शब्द शोधला तर सांबार मसाल्याची पाकिटं येतात. म्हणून वस्तू नावाने न जुळवता तिच्या पानाच्या कायम क्रमांकाने जुळवा.

सगळ्यात मोठा चकवा वजनाचा. समजा तेलाचं ९१० ग्रॅमचं पाकीट १४० रुपयांना होतं आणि आता ८५० ग्रॅमचं १३६ ला मिळतंय. वरवर ४ रुपये उतरले. १०० ग्रॅमचा भाव काढा: आधी १५.३८, आता १६. म्हणजे तेल ४ टक्के महागलं. भाजीवाल्याकडेही हेच. पाव २० रुपये सांगितला म्हणून किलो ८० धरू नका. किलोभर घेतलं तर तो बरेचदा ७० लावतो. कोणता भाव घ्यायचा ते एकदाच ठरवा आणि मोडू नका.

आता सरासरी. प्रत्येक वस्तूचा आजचा भाव मागच्या भावाने भागा आणि एकाच प्रकारच्या वस्तूंच्या गुणोत्तरांची भूमितीय सरासरी घ्या, म्हणजे सगळी गुणोत्तरं एकमेकांशी गुणा आणि दोन असतील तर वर्गमूळ, तीन असतील तर घनमूळ, असं मूळ काढा. साधी सरासरी का नको? एक ब्रँड ५० वरून १०० झाला, दुसरा १०० वरून ५०. गुणोत्तरं २ आणि ०.५, साधी सरासरी १.२५, म्हणजे २५ टक्के महागाई, जी झालेलीच नाही. भूमितीय सरासरी बरोबर १ येते. पुढे डाळी, तेल, भाजी अशा गटांना घरखर्चातल्या वाट्याप्रमाणे भार द्या. लेबर ब्युरोच्या अखिल भारतीय मालिकेत अन्नपदार्थ-पेयांचा भार ३९.१७ टक्के आहे.

माल संपला असेल तर जुना भाव तसाच पुढे ढकलू नका, त्याने निर्देशांक उगाच सपाट होतो. गटातल्या बाकीच्या वस्तू सरासरी जितक्या हलल्या तितकाच तो हलवा. सेलचा भाव नोंदवाच, लोक तो देतातच. पण सेल संपल्यावर वस्तू यादीतून गळू देऊ नका. उतरलेला भाव हिशोबात राहिला आणि चढलेला सुटला की निर्देशांक कायमचा खाली बसतो.

कळमन्याचे भाव ॲगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन, तेही क्विंटलने मिळतात. सर्वसाधारण घ्या, १०० ने भागा, की किलोचा भाव येतो. आवकही बघा, थोड्याच क्विंटलच्या आवकेवर ठरलेला भाव भरवशाचा नाही. हे ठोक भाव आहेत, त्यांची ओळ वेगळीच ठेवा. संत्र्याला तर दुहेरी काळजी: आंबिया आणि मृग हे त्याचे दोन वेगळे बहार, म्हणून आंबियाच्या फळाची तुलना मृगाच्या फळाशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

महिन्यातून एकदा गोकुळपेठ किंवा इतवारीत जाऊन यादीतल्या १० वस्तूंचे भाव दुकानात विचारा. पातळीत फरक असणारच. दुकानात भाव चढतोय आणि ॲपवर उतरतोय असं सलग दोन महिने दिसलं, तर त्या वस्तूचा ॲपवरचा भाव वगळून बिलांवरचा घ्या.