घरात पाणी शिरले आणि सर्व्हेअर फिरकत नाही: विमा दाव्याचा पाठपुरावा कसा करावा

विमा उतरवलेल्या घरात पुराचे किंवा फुटलेल्या टाकीचे पाणी शिरते, कंपनीला कळवून होते, नुकसानीची पाहणी करून अहवाल देणारा सर्व्हेअर एकदा येऊन चार फोटो काढून जातो आणि त्यानंतर ना फोन उचलला जातो, ना अहवाल पुढे सरकतो, ही अडचण विदर्भातल्या खेड्यापाड्यांत पावसाळ्यानंतर नेहमी ऐकू येते. सर्व्हेअर बहुधा नागपूर, अमरावती, अकोला किंवा चंद्रपूरला बसतो, एकाच पावसातले अनेक दावे त्याच्या हाती असतात आणि वर्धा किंवा वैनगंगेच्या काठचे आडवळणाचे गाव त्याच्या यादीत मागे पडत जाते. घरमालक मात्र रोज त्यालाच फोन लावत राहतो. माझ्या मते बरेच दावे इथेच रेंगाळतात, कारण जाब ज्याला विचारायचा त्याला विचारला जात नाही आणि केलेल्या फोनची नोंदही कुठे राहत नाही.

सर्व्हेअर परवानाधारक असला तरी त्याला नेमते कंपनी, आणि त्याचा अहवाल वेळेत मिळवणे ही कंपनीचीच जबाबदारी आहे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, ११ जून २०२४ च्या परिपत्रकात यासाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. नुकसान कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल आला पाहिजे आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने दाव्यावर निर्णय दिला पाहिजे. त्यामुळे पंधरा दिवस उलटल्यावर ‘साहेब कधी येता’ असे सर्व्हेअरला विचारत बसण्यापेक्षा ‘अहवाल कुठे आहे’ असे कंपनीला लेखी विचारावे.

त्याआधी आपली पॉलिसी नेमकी कोणती, हे पाहून घ्यावे. गृहकर्ज घेतलेल्या अनेकांच्या घराचा विमा बँकेने कर्जासोबतच काढलेला असतो आणि त्याचा कागद घरात नसतोच; अशा वेळी शाखेत अर्ज देऊन पॉलिसीची प्रत मागावी. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते आणि तिच्यात पूर, वादळ, पाणी साचणे, तसेच पाण्याची टाकी किंवा नळ फुटून होणारे नुकसान धरलेले आहे. वर्षानुवर्षांच्या झिरपण्याने आलेली ओल मात्र अशा पॉलिसीत सहसा बसत नाही. आपल्याकडे ‘विमा’ म्हटले की पीक विमा डोळ्यांपुढे येतो, पण पीक विम्यासाठी दिलेली सूचना घराच्या दाव्याला लागू पडत नाही. अतिवृष्टीनंतर महसूल खाते करते तो पंचनामा आणि त्यावरून मिळणारी सरकारी मदत हेही वेगळे प्रकरण आहे. मात्र त्या पंचनाम्याची प्रत विमा दाव्यात पुरावा म्हणून फार उपयोगी पडते, म्हणून ती तलाठी कार्यालयातून मागून घ्यावी.

सर्व्हेअरची वाट पाहताना घर ओले ठेवायचे का, हा सर्वांत जिकिरीचा प्रश्न असतो. ठेवू नये. नुकसान वाढू न देणे हे विमाधारकाचेही कर्तव्य असते, आणि मातीच्या विटांची भिंत आठ दिवस ओली राहिली तर ती बसते व त्या वाढीव नुकसानीवरून वाद उभा राहतो. आवराआवर करावी, पण पुरावा उचलून ठेवल्यावर. पाणी ओसरताच भिंतीवर जिथपर्यंत पाणी चढले होते तिथे खडूने आडवी रेघ मारावी, शेजारी तारीख लिहावी, जमिनीपासून त्या रेघेपर्यंत मोजपट्टी उभी धरावी आणि पट्टीवरचा आकडा वाचता येईल इतक्या जवळून फोटो काढावा. प्रत्येक खोलीत, ओसरीत आणि न्हाणीघरातही हे करावे. फ्रिज, पाण्याची मोटर, मिक्सर यांच्या मागच्या पट्टीवर असलेल्या क्रमांकाचा फोटो घ्यावा. भिजलेली गादी किंवा फुगलेले लाकडी कपाट घरात ठेवणे शक्य नसेल तर अंगणात ताडपत्रीखाली ठेवावे. तेही जमत नसेल तर ते टाकत असल्याचे कंपनीला आधी फोटोसह कळवावे. तातडीची दुरुस्ती केली असेल तर मिस्त्रीची सही असलेली पावती आणि टिनपत्रे, सिमेंट यांची पक्की बिले जपून ठेवावीत.

काळ्या जमिनीवरच्या घरांबाबत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया हलून भिंतींना तडे जाणे हे इथे नवीन नाही, आणि ‘हे तडे जुनेच आहेत’ असा शेरा अहवालात येण्याची शक्यता त्यामुळेच जास्त असते. लग्नाकार्यातले किंवा सणावारातले जुने फोटो शोधावेत. ज्या फोटोत तीच भिंत धड दिसते, तो फोटो इथे साक्षीदाराचे काम करतो. पाऊस किती झाला याची नोंदही मिळवता येते, कारण पावसाची मोजणी महसूल मंडळानुसार होते आणि २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते. तहसील कार्यालयातून आपल्या मंडळाची त्या तारखेची आकडेवारी अर्ज करून घ्यावी. घरात कापूस, तूर किंवा सोयाबीनची पोती भिजली असतील तर त्यांची यादी घरसामानात मिसळू नये. विक्रीसाठी ठेवलेला माल पॉलिसीत धरला आहे का, हा प्रश्न निराळा आहे आणि सरमिसळ झाली की सगळ्याच यादीवर संशय घेतला जातो.

आता पत्राकडे येऊ. ते विमा कंपनीच्या शाखा व्यवस्थापकाच्या नावे लिहावे, प्रत सर्व्हेअरला द्यावी, ईमेल करावे आणि शिवाय पोहोच मिळेल अशा रीतीने टपालानेही पाठवावे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, म्हणून खिडकीवर स्पीड पोस्ट मागावे आणि पोहोचपावतीची सोय घ्यावी. पत्रात राग नको, तारखा हव्यात. मजकूर साधारण असा असावा: ‘माझ्या घराच्या नुकसानीची सूचना मी अमुक तारखेला दिली असून दावा क्रमांक अमुक आहे. आपण नेमलेल्या सर्व्हेअरने अमुक तारखेला पाहणी केली. त्यानंतर त्यांच्याशी संपर्क होत नाही. अहवालाची मुदत अमुक तारखेला संपली आहे. अहवाल आपल्याकडे आला आहे का, माझ्याकडून कोणता कागद हवा आहे का आणि निर्णय कधी होईल, हे लेखी कळवावे. सध्याच्या सर्व्हेअरना काम पूर्ण करणे शक्य नसल्यास दुसरा सर्व्हेअर नेमावा.’ सर्व्हेअर मुळात आलाच नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. त्याचा फोन आलाच तर बोलणे संपल्यावर लगेच त्याला संदेश पाठवावा की आज आपण अमुक वेळी बोललात आणि सोमवारी येतो म्हणालात. पुढे हा संदेशच नोंद म्हणून कामी येतो.

पत्राला उत्तर आले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे रीतसर तक्रार करावी आणि तिचा क्रमांक घ्यावा. हा टप्पा वगळून वर जाता येत नाही. त्याच्या जोडीला आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. प्राधिकरण स्वतः दाव्याचा निकाल देत नाही, पण तिथे नोंदलेल्या तक्रारीला कंपनीला उत्तर द्यावे लागते, आणि अनेकदा तेवढ्यानेच थांबलेली फाइल हलते. विमा सरकारी कंपनीचा असेल तर माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून सर्व्हेअरच्या नेमणुकीची तारीख आणि अहवालाची स्थिती विचारता येते.

कंपनीने तक्रार फेटाळली, समाधानकारक उत्तर दिले नाही किंवा एक महिना उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. विदर्भासाठी हे कार्यालय पुण्यात आहे, परंतु तक्रार ऑनलाइन करता येते, वकील लागत नाही आणि शुल्कही नाही. दाव्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असावी आणि कंपनीचा नकार आल्यापासून, किंवा उत्तर नसल्यास तो महिना संपल्यापासून, एक वर्षाच्या आत तक्रार झाली पाहिजे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर नाही. निवाडा ३० दिवसांत पाळला नाही तर कंपनीला दर दिवसामागे ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. मला ग्रामीण विमाधारकासाठी हाच मार्ग सर्वांत सोयीचा वाटतो.

पाठपुराव्याने अहवाल निघाला, पण रक्कम फारच कमी आली, तर अहवालाची प्रत लेखी मागावी आणि कोणती वस्तू का वगळली किंवा घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याबद्दलची वजावट, कसा धरला, हे ओळीने तपासावे. ‘संपूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या पावतीवर घाईने सही करू नये. रकमेची निकड असेल तर आपली हरकत आणि उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून ठेवत असल्याचे पत्र सहीपूर्वी कंपनीला द्यावे.

जिल्हा ग्राहक आयोगाची वाटही खुली असते. भरलेला विमा हप्ता ५ लाखांच्या आत असल्यास तिथे तक्रारीचे शुल्क नाही आणि दाद मागण्याची मुदत वादाचे कारण घडल्यापासून २ वर्षे आहे. मात्र तेच प्रकरण आयोगापुढे चालू असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही, म्हणून आधी लोकपाल आणि समाधान झाले नाही तर आयोग असा क्रम धरावा, आणि लोकपालाकडे कागद पाठवतानाच ही २ वर्षांची तारीख दाव्याच्या फाइलवर ठळक लिहून ठेवावी.