दुर्बिणीच्या ऑपरेशनला कोणता धागा काढायचा

नागपुरात धंतोलीच्या आमच्या ऑपरेशन थिएटरात नवीन आलेली पोरगी हमखास विचारते, "ताई, एक नंबर व्हिक्रिल देऊ का?" व्हिक्रिल म्हणजे आपोआप विरघळणारा धागा, नंबर म्हणजे त्याची जाडी. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनला एवढं पुरतं. दुर्बिणीत सर्जनची बोटं आत नसतात, म्हणून धाग्याच्या फॉइलच्या पाकिटावर नंबरासोबत धाग्याची लांबी आणि सुईही वाचा.

गाठ आत बांधायची असेल तर सुट्या टाक्याला १५ ते २० सेंटिमीटरच धागा ठेवा. नव्वद सेंटिमीटरचा अख्खा आत सोडला की सर्जन गुंताच सोडवत बसतात. बाहेर गाठ मारून नॉट पुशरनं, म्हणजे गाठ ढकलायच्या दांडीनं, आत सरकवायची असेल तेव्हा मात्र तोच नव्वदचा हवा. मोठी वाकडी सुई ५ मिलिमीटरच्या पोर्टमधून (पोटात घातलेल्या नळीतून) जात नाही, १० चा लागतो. आत नेताना सुई नाही, तिच्यामागचा धागा पकडायचा.

व्हिक्रिल गुंफलेला, मऊ. गाठ बसली की बसते. दोन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के ताकद उरते, तीन आठवड्यांनी निम्मी. पीडीएस हा दुसरा विरघळणारा धागा, एकेरी, गुळगुळीत. जाड नंबरचा चार आठवड्यांनंतरही निम्म्याहून जास्त ताकद धरतो आणि विरघळायला सहाएक महिने घेतो. पण पाकिटातली वेटोळी सोडत नाही, गाठ सैलावते, वेढे वाढवावे लागतात. नीडल होल्डरनं (सुई धरायच्या चिमट्यानं) तो मधे चिमटला तर तिथंच कमजोर होतो.

आता काटेरी, म्हणजे अंगावर बारीक काटे असलेला बार्ब्ड धागा. महाग आहे, बाप्पा! पण फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) काढल्यावर गर्भाशयाची भिंत रक्त वाहत असताना दोन-तीन थरांत शिवायची असते. काटेरी धाग्याला गाठ लागत नाही. पहिला टाका घेऊन सुई धाग्याच्या टोकाला असलेल्या फासातून काढली की पुढचा प्रत्येक टाका जागेवर राहतो, असिस्टंटला धागा ताणून धरावा लागत नाही. माझ्या मते पैसे इथंच घालावेत. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्यावर व्हॉल्टला (योनीच्या वरच्या टोकाला) व्हिक्रिलही चालतो, फक्त विजेच्या कॉटरीनं भाजलेली कड सोडून टाका चांगल्या मांसात घेतलेला हवा. काटेरी धाग्याचं शेपूट मात्र अगदी लगत कापायला लावा. लोंबतं राहिलं तर आतडं अडकू शकतं, तशा केसेस नोंदल्या गेल्या आहेत.

आणि मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की धाग्यांचे डबे बाहेरच्या स्टोअरमध्ये ठेवू नका. विरघळणारे धागे २५ अंशांच्या आत, कोरड्या जागी. फॉइल फुटलं असेल तर सरळ फेका.